उजेडाचे माप

वाण्याकडून आपण एक किलो साखर आणतो, कापडाच्या दुकानातून दोन मीटर कापड आणतो आणि गवळ्याकडून रोज एक लीटर दूध घेतो. माल मापात कमी भरला असा संशय आला, तर घरी तो पुन्हा तोलून किंवा मोजून पाहता येतो. परंतु त्याच घरात रोज संध्याकाळी एक वस्तू अशी वापरली जाते, की जिचे माप करून पाहण्याचा विचार सहसा कोणाच्या मनात येत नाही. ती वस्तू म्हणजे उजेड. दुकानदार म्हणतो, ‘हा दिवा न्या, लख्ख उजेड पडतो,’ आणि आपण तो घेऊन येतो. लख्ख म्हणजे किती? कालच्या दिव्याच्या दुप्पट, की नुसताच थोडा अधिक? उजेड तराजूत घालता येत नाही, त्याला गज लावता येत नाही, मापट्यात तो ओतता येत नाही. मग तो मोजावा तरी कसा?

कोणी म्हणेल, त्यासाठी डोळे आहेतच की! पण डोळ्यांची एक गंमत आहे. भर दुपारी अंगणात उघड्यावर पुस्तक धरले, तर त्यावर जेवढा प्रकाश पडतो, त्याचा तीनशेवा हिस्सादेखील रात्री घरातील दिव्याखाली प्रायः पडत नाही. तरीही आपण दोन्ही ठिकाणी वाचतो आणि ‘दुपारच्या मानाने येथे तीनशेपट अंधार आहे’ असे आपल्याला मुळीच वाटत नाही. उजेड वाढला की डोळ्याची बाहुली आकुंचन पावते, उजेड कमी झाला की ती विस्तारते. आणि बाहुलीचे बळ अपुरे पडले, की डोळ्याच्या आतील पडदाच आपली संवेदनक्षमता कमी-अधिक करून घेतो. कडक उन्हातून एकदम देवळाच्या गाभाऱ्यात शिरल्यावर क्षणभर काहीच दिसत नाही आणि थोड्या वेळाने मूर्ती, समई, पुजाऱ्याचा चेहरा असे एकेक उमटू लागते. तेथील उजेड वाढलेला नसतो. आपला डोळा बदललेला असतो. हा गुण जगण्यासाठी फार मोलाचा आहे. पण डोळ्याला मापाडी म्हणून नेमले, तर तो मोठा बेभरवशाचा मापाडी ठरतो. त्याचे माप दर घटकेला लहानमोठे होत राहते.

ही अडचण ओळखून तिच्यातून वाट काढणारा मनुष्य म्हणजे पिएर बुगेर. याचा जन्म १६९८ साली फ्रान्समध्ये झाला. बुगेरच्या ध्यानी एक साधी गोष्ट आली. एक उजेड दुसऱ्याच्या कितीपट आहे, हे डोळ्याला सांगता येत नाही. परंतु शेजारी शेजारी असलेले दोन पृष्ठभाग सारखेच उजळलेले आहेत की नाहीत, हे तो पुष्कळ अचूक सांगू शकतो. विचार करून पाहा, तराजूला तरी वजन कोठे कळते? दोन्ही पारडी समतोल झाली की नाही, एवढेच तो सांगतो. वजने आपण घालावयाची असतात. डोळा हा असाच उजेडाचा तराजू आहे. त्याच्यापुढे दोन पारडी मांडली आणि ‘सारखी आहेत काय?’ एवढाच प्रश्न विचारला, तर तो खोटे बोलत नाही.

तराजू मिळाला, आता वजने हवीत. ती अंतराने पुरविली. दिव्यातून निघालेला प्रकाश पुढे जाता जाता पसरत जातो. दिव्यापासून एक हातावर एक चौकट धरली आणि तिच्यातून जाणारा प्रकाश दोन हातांवरच्या भिंतीवर पडू दिला, तर तेथे त्याने व्यापलेली जागा चौकटीच्या दुप्पट लांब आणि दुप्पट रुंद, म्हणजे चौपट असते. तेवढाच प्रकाश चौपट जागेत वाटला गेल्यामुळे प्रत्येक भागाच्या वाट्याला एक चतुर्थांश येतो. अंतर तिप्पट केले, तर नववा हिस्सा येतो. हा नियम केपलरने १६०४ सालीच सांगितला होता. तेव्हा दिवा किती पुढे किंवा मागे सरकविला म्हणजे पारडी समतोल होतात हे पाहावे, अंतरांचे वर्ग करावेत आणि एक दिवा दुसऱ्याच्या कितीपट आहे ते काढावे. डोळ्याने फक्त ‘सारखे’ म्हणावयाचे. ‘कितीपट’ हे मोजपट्टीने सांगावयाचे.

बुगेरने या युक्तीने केवढे धाडस केले पाहा! सूर्य आणि पौर्णिमेचा चंद्र यांपैकी कोण कितीपट अधिक प्रकाश देतो, असा प्रश्न त्याने स्वतःला घातला. हे दोघे काही शेजारी शेजारी येऊन उभे राहावयाचे नाहीत. म्हणून त्याने मेणबत्तीला मध्यस्थ केले. दिवसा सूर्याचा प्रकाश ठराविक प्रमाणात क्षीण करून त्याची मेणबत्तीशी तुलना केली आणि रात्री चंद्राचा प्रकाश त्याच रीतीने मेणबत्तीशी ताडून पाहिला. उत्तर आले सुमारे तीन लक्षपट. आजच्या उपकरणांनी ते चार लक्षांच्या आसपास येते. एक मेणबत्ती, थोडी भिंगे आणि दोन डोळे एवढ्या साहित्यावर बुगेर सत्याच्या इतका जवळ गेला होता. त्याचा पहिला ग्रंथ १७२९ मध्ये निघाला आणि दुसरा, मोठा ग्रंथ १७६० मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी. त्याच १७६० साली योहान लँबर्ट या गणितज्ञाचाही प्रकाशमापनावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. उजेडाच्या मापाचे शास्त्र या दोघांपासून सुरू झाले असे मानतात.

असा तराजू तुम्हालाही घरी करता येईल. कागदात बांधून आणलेली भजी खाऊन झाल्यावर त्या कागदावरचा तेलाचा डाग तुम्ही पाहिला असेल. कागद हातात धरून समोरून उजेड पडू दिला, तर तो डाग काळपट दिसतो. कारण त्या जागी प्रकाश परत न फिरता आरपार निघून जातो. तोच कागद दिव्यासमोर आडवा धरला, तर डाग सभोवतालच्या कागदापेक्षा उजळ दिसतो. आता कागदाच्या दोन्ही बाजूंनी सारखाच उजेड आला तर काय होईल? डाग काळपटही दिसणार नाही आणि उजळही दिसणार नाही. तो जवळजवळ नाहीसा होईल. बुन्सेन या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने या डागावरूनच आपले प्रकाशमापक तयार केले. प्रयोगशाळेतील बर्नरला ज्याचे नाव आहे, तोच हा बुन्सेन.

घरातील कोणी मोठे माणूस जवळ असताना अंधाऱ्या खोलीत हा प्रयोग करावा. पांढऱ्या कागदावर मध्यभागी तेलाचा एक थेंब टाकून तो कागद टेबलावर उभा करावा. एका बाजूस ३० सेंटिमीटरवर एक मेणबत्ती ठेवावी. दुसऱ्या बाजूस ६० सेंटिमीटरवर तशाच चार मेणबत्त्या अगदी जवळ जवळ लावाव्यात. डाग विरून जाईल. चारांपैकी एक विझवली, की तो पुन्हा डोके वर काढील. नंतर चार मेणबत्त्यांच्या जागी विजेचा एखादा लहान दिवा ठेवून पाहावे. या वेळी मात्र डाग पुरता नाहीसा होणार नाही. मेणबत्तीचा प्रकाश पिवळसर आणि विजेच्या दिव्याचा पांढरा असल्यामुळे डोळा थोडा गोंधळेल. ही गोंधळाची गोष्ट लक्षात ठेवा. तिने पुढे मोठमोठ्या शास्त्रज्ञांनाही सतावले.

येथवर उजेडाचे माप हा विद्वानांचा विषय होता. तो बाजारात आला दगडी कोळशाच्या वायूबरोबर. लंडनच्या पॅल मॅल या रस्त्यावर १८०७ मध्ये वायूचे दिवे लोकांना दाखविण्यात आले आणि पुढील काही दशकांत नळांतून घरोघर वायू पुरविणाऱ्या कंपन्या उभ्या राहिल्या. आपल्या मुंबईच्या रस्त्यांवरही १८६५ मध्ये असे दिवे लागले. गिऱ्हाईक पैसे देई ते वायूच्या घनफुटांचे. पण त्याला हवा असे उजेड. वायू हलक्या प्रतीचा असला, तर तितक्याच घनफुटांत ज्योत मिणमिणती जळे आणि बिल मात्र तेवढेच येई. दुधात पाणी घातले तर जिभेला कळते. उजेडात पाणी घातले, तर आपला भोळा डोळा लगेच त्याला सरावून जातो. तेव्हा या भेसळीविरुद्ध दाद तरी कशी मागावी?

इंग्लंडमध्ये १८६० साली यासाठी कायदा झाला आणि त्यात एक मेणबत्ती नेमून देण्यात आली. ताशी पाच घनफूट वायू जाळणाऱ्या ज्योतीचा उजेड हा या मेणबत्तीच्या ठराविक पट असलाच पाहिजे, असा दंडक झाला. मेणबत्ती तरी कशी? स्पर्म व्हेल नावाच्या देवमाशाच्या डोक्यात सापडणाऱ्या मेणासारख्या पदार्थाची. एका पौंडात सहा बसतील अशा वजनाची. आणि तासाला १२० ग्रेन, म्हणजे पावणेआठ ग्रॅमच्या किंचित वर, इतक्या वेगाने जळणारी. अशी मेणबत्ती दहा तासही टिकत नसे. परीक्षक ती तराजूवर ठेवून जाळी, तासाला किती वजन घटले ते पाही आणि मग वायूच्या ज्योतीशी तिचा उजेड ताडून पाही. लंडनमधील एखाद्या कुटुंबाला पैशाच्या मोबदल्यात पुरता उजेड मिळावा, म्हणून दूर महासागरातील महाकाय प्राण्याला प्राण द्यावे लागत, ही गोष्ट आज वाचताना मनाला टोचते. त्या काळी तिचे कोणाला फारसे वाटत नसे.

आणि इतके करूनही ही मेणबत्ती काही पुरती भरवशाची नव्हती. वात जरा लांब राहिली, खिडकीतून झुळूक आली, मेण कमी शुद्ध निघाले, की माप बदलले! फ्रान्समध्ये मोहरीच्या जातीच्या बियांचे तेल जाळणारा कार्सेलचा दिवा प्रमाण मानीत. तो सुमारे दहा मेणबत्त्यांइतका उजेड देई. जर्मनीत हेफ्नर-आल्टेनेक याने १८८४ मध्ये केलेला दिवा चाले. त्यात केळ्यासारखा वास येणारे एक रासायनिक द्रव्य जळे आणि ज्योतीची उंची बरोबर ४० मिलिमीटर ठेवावी लागे. अशा रीतीने प्रत्येक देशाचा शेर वेगळा झाला. १९०९ मध्ये इंग्लंड, फ्रान्स आणि अमेरिका यांच्या प्रयोगशाळांनी एकत्र येऊन एक आंतरराष्ट्रीय मेणबत्ती ठरविली. तिच्यात मेणही नव्हते आणि वातही नव्हती. कार्बनच्या तारेच्या विजेच्या दिव्यांवरून तिचे माप जपून ठेवले जाई.

पण जगात कोठेही, केव्हाही नव्याने घडविता येईल असे माप हवे होते. व्हिओल या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८८१ मध्ये एक मार्ग सुचविला होता. प्लॅटिनम हा मौल्यवान धातू वितळवून थंड होऊ दिला, तर तो सुमारे १,७७० अंश सेल्सिअसला गोठू लागतो आणि पुरता गोठेपर्यंत त्याचे तापमान तेथेच थांबून राहते. मुंबई असो वा पॅरिस, शुद्ध प्लॅटिनम याच अंशावर गोठणार. मग त्या वेळी त्याच्यातून निघणारे तेजही सर्वत्र सारखेच असणार. या कल्पनेत सुधारणा होऊन १९४८ मध्ये जगाने नवे माप मान्य केले. प्लॅटिनमच्या गोठण्याच्या तापमानावर तापलेल्या पूर्ण काळ्या पदार्थाच्या एका चौरस सेंटिमीटरमधून जो प्रकाश येतो, त्याचा साठावा भाग म्हणजे एक ‘कँडेला’. कँडेला हा लॅटिन शब्द आहे आणि त्याचा अर्थ मेणबत्ती असाच आहे. मेण गेले, वात गेली, देवमासा सुटला. नाव तेवढे राहिले.

आता या मेणबत्तीवरून बाकीची मापे कशी निघतात ते पाहू. येथे थोडे सावकाश वाचावे, कारण ‘उजेड’ या एकाच शब्दात आपण चार निरनिराळ्या गोष्टी कोंबून ठेवलेल्या असतात.

एक मीटर त्रिज्येचा पोकळ गोल मनात आणा आणि त्याच्या मध्यबिंदूत एक कँडेलाची मेणबत्ती ठेवा. ती सर्व दिशांना सारखा प्रकाश टाकते असे समजू. गोलाच्या आतील पृष्ठभागाचे क्षेत्रफळ साडेबारा चौरस मीटरांहून किंचित अधिक आहे. त्यातील प्रत्येक चौरस मीटरवर जेवढा प्रकाश येऊन पडतो, त्याला एक ‘ल्युमेन’ म्हणतात. म्हणजे त्या मेणबत्तीतून एकंदर साडेबारा ल्युमेन प्रकाश बाहेर पडतो. कँडेला हे दिवा एखाद्या दिशेला किती जोराने प्रकाश फेकतो याचे माप आहे. ल्युमेन हे त्याने सगळीकडे मिळून ओतलेल्या प्रकाशाचे माप आहे. बॅटरीच्या हातदिव्यातील बल्ब लहानसाच असतो, त्याचे ल्युमेनही थोडेच; पण मागचा आरसा ते सगळे एका दिशेला वळवितो, म्हणून त्या दिशेची तीव्रता शेकडो कँडेलांवर जाते.

दिव्याच्या खोक्यावर बारीक अक्षरांत ल्युमेनचा आकडा छापलेला असतो. पुढच्या वेळी दुकानात तो अवश्य पाहा. लोक अजूनही वॅट विचारतात. वॅट म्हणजे दिव्याने खाल्लेली वीज. ल्युमेन म्हणजे त्याने दिलेला उजेड. जुना तारेचा ६० वॅटचा दिवा सुमारे ७०० ल्युमेन देत असे आणि बाकीची वीज बहुतेक उष्णतेत दवडीत असे. आजचा ९ वॅटचा एलईडी दिवा ८०० ते ९०० ल्युमेन देतो. जो जास्त खातो तो जास्त काम करतोच असे नाही, हे दिव्यांच्या बाबतीतही खरे आहे!

तिसरे माप ज्याच्यावर उजेड पडतो त्या वस्तूचे आहे. एक चौरस मीटरवर एक ल्युमेन प्रकाश पसरून पडला, तर तेथील प्रदीपन एक ‘लक्स’ झाले असे म्हणतात. एक कँडेलाच्या मेणबत्तीपासून एक मीटरवर धरलेल्या कागदावर बरोबर एक लक्स उजेड असतो आणि दोन मीटरवर पाव लक्स. आता गंमत अशी, की स्वच्छ आकाशात डोक्यावर आलेला पौर्णिमेचा चंद्रदेखील जमिनीवर साधारण पाव लक्सच उजेड पाडतो. म्हणजे ज्या चांदण्यात सारा गाव न्हाऊन निघाला असे आपण म्हणतो, ते चांदणे दोन मीटरवरच्या एका मेणबत्तीएवढे! मात्र ती मेणबत्ती तुमच्या पुस्तकापुरती असते. चंद्र तेवढाच उजेड प्रत्येक शेतावर, प्रत्येक कौलावर आणि समुद्राच्या प्रत्येक लाटेवर टाकतो. भर दुपारच्या उन्हाचे माप सुमारे एक लक्ष लक्स भरते. वाचनासाठी पुस्तकावर साधारण ३०० लक्स उजेड असावा असे मानतात. जुन्या इंग्रजी पुस्तकांत लक्सऐवजी ‘फूट-कँडल’ हे माप भेटते. एक फूट-कँडल म्हणजे पावणेअकरा लक्स.

राहिले चौथे माप, आणि तेच सर्वांत अधिक फसविणारे आहे. हे पृष्ठभागाच्या तेजाचे माप. एखाद्या उजळ पृष्ठभागाकडे पाहिले असता त्याच्या एक चौरस मीटरमधून आपल्या दिशेने किती कँडेला प्रकाश येतो, ते याने सांगतात. ‘कँडेला दर चौरस मीटर’ असे लांबलचक म्हणण्याऐवजी पुष्कळ ठिकाणी ‘निट’ असा सुटसुटीत शब्द वापरतात. भ्रमणध्वनीच्या आणि दूरदर्शन संचाच्या पडद्यांची जाहिरात करताना जे निट सांगतात, ते हेच. पूर्वी ‘स्टिल्ब’ आणि ‘लँबर्ट’ अशीही मापे होती. ती आता क्वचितच भेटतात.

काही आकडे पाहा. ३०० लक्स उजेडात ठेवलेल्या पांढऱ्या कागदाचे तेज ७५ निटांच्या आसपास असते. पौर्णिमेच्या चंद्रबिंबाचे सुमारे अडीच हजार निट, मेणबत्तीच्या ज्योतीचे सुमारे दहा हजार निट. आणि दुपारच्या उन्हात ठेवलेला पांढरा कागद? त्याचे वीस हजारांच्याही वर जाते. साधा कागद मेणबत्तीच्या ज्योतीहून तेजस्वी! म्हणूनच भर उन्हात पेटलेल्या मेणबत्तीची ज्योत धड दिसत नाही आणि भ्रमणध्वनीचा काही शे निटांचा पडदा निस्तेज भासतो. चंद्राची गोष्ट तर आणखी नवलाची आहे. चंद्रावर पडणाऱ्या सूर्यप्रकाशापैकी जेमतेम आठवा हिस्सा तो परत पाठवितो. म्हणजे त्याची जमीन वापरून जुन्या झालेल्या डांबरी रस्त्याएवढी काळपट आहे. काळ्याभोर आकाशात, दुसरे काहीच जवळ नसताना, तोच रस्ता आपल्याला रुपेरी दिसतो.

तारेचा दिवा पारदर्शक काचेचा असेल, तर त्याकडे पाहताना डोळे दिपतात. तोच दुधी काचेचा असेल, तर दिपत नाहीत. दोन्हींचे ल्युमेन जवळजवळ सारखेच असतात. पहिल्यात ते सगळे केसासारख्या बारीक तारेतून येतात, दुसऱ्यात मुठीएवढ्या काचेवर पसरून येतात. उजेड तोच, पण तेज शेकडो पटींनी कमी झालेले असते. नुसते ल्युमेन मोजून भागत नाही, ते यासाठी.

या मापाचा आणखी एक विशेष आहे. दिव्यापासून दूर गेलो की लक्स घटतात. पण पृष्ठभागाचे तेज अंतराने घटत नाही. चुन्याने रंगविलेली भिंत दहा पावलांवरून जितकी पांढरी दिसते, तितकीच ती शंभर पावलांवरूनही दिसते. दूरच्या भिंतीकडून डोळ्यात येणारा प्रकाश थोडा असतो हे खरे. परंतु डोळ्याच्या पडद्यावर उमटणारी तिची प्रतिमाही त्याच प्रमाणात लहान होते. थोडा प्रकाश थोड्याच जागेवर पडतो आणि तेज कायम राहते.

मघाशी रंगांच्या गोंधळाची गोष्ट लक्षात ठेवावयास सांगितले होते, ती येथे उरकून घेऊ. आपला डोळा सर्व रंगांना सारखा न्याय देत नाही. हिरवट पिवळ्या रंगाची त्याला सर्वांत अधिक जाणीव असते. तेवढ्याच शक्तीचा गडद तांबडा किंवा निळा प्रकाश त्याला पुष्कळ मंद वाटतो. पुष्कळ व्यक्तींचे डोळे तपासून या पक्षपाताचा एक सरासरी आलेख काढण्यात आला आणि १९२४ मध्ये तो आंतरराष्ट्रीय संमतीने प्रमाण ठरला. उजेडाची सर्व मापे या आलेखातून गाळून घेतलेली असतात. पुढे १९७९ मध्ये प्लॅटिनमची अवघड भट्टीही बाजूस ठेवण्यात आली आणि कँडेला थेट डोळ्याच्या त्या लाडक्या रंगाला बांधण्यात आला. सेकंदाला ५४० लक्ष कोटी कंपने असलेल्या हिरवट प्रकाशाचा एक वॅट म्हणजे ६८३ ल्युमेन, असे ठरले. २०१९ मध्ये व्याख्येची भाषा बदलली, पण आकडा तोच राहिला. आपल्या देशात कँडेलाचे प्रमाण माप नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत सांभाळले जाते. मीटर किंवा किलोग्रॅम यांना माणूस असला काय आणि नसला काय, सारखेच; कँडेलाला मात्र माणसाच्या डोळ्यावाचून अर्थच नाही.

लक्स आणि निट यांतील भेद न कळल्यामुळे कित्येकांनी आपली दृष्टी गमावली आहे. सूर्यबिंबाचे तेज सुमारे १६० कोटी निट आहे. एरवी सूर्याकडे कोणी टक लावून पाहत नाही. डोळे आपोआप मिटतात. परंतु सूर्यग्रहणाच्या दिवशी काय होते? समजा, बिंबाचा नव्वद टक्के भाग झाकला गेला. अंगणातील लक्षभर लक्स दहा हजारांच्या आसपास येतात. ऊन मऊ होते, संध्याकाळ झाल्यासारखी वाटते, पक्षी घरट्यांकडे वळू लागतात. मन म्हणते, आता पाहावयास हरकत नाही. बिचारी बाहुलीही उजेड उतरला म्हणून थोडी विस्तारते. पण झाकला गेला आहे तो बिंबाचा भाग. उरलेल्या कोरीचे तेज जवळजवळ पूर्वीइतकेच, कोट्यवधी निट, कायम असते. डोळ्याच्या पडद्यावर त्या कोरीएवढीच प्रतिमा उमटते आणि तेवढीच जागा, पण पूर्ण सूर्याने भाजावी तशी, भाजून निघते. त्या पडद्याला वेदना कळत नाहीत, म्हणून त्या वेळी काहीच समजत नाही. काही तासांनी पुस्तक उघडावे, तर नेमके जेथे पाहावे तेथे अक्षरांवर काळा डाग येतो. काहींचा तो डाग पुढे कधीच जात नाही.

ग्रहण पाहण्यासाठी प्रमाणित केलेले चष्मे तीस हजाराव्या हिश्श्याहून अधिक प्रकाश आत येऊ देत नाहीत. साधा काळा चष्मा, काजळी धरलेली काच किंवा पाण्याने भरलेली परात यांना तसले काही साधत नाही. पण चष्माही नसला, तरी ग्रहण चुकत नाही. पुठ्ठ्याला टाचणीने एक भोक पाडून सूर्याकडे पाठ करावी आणि त्या भोकातून येणारा प्रकाश पांढऱ्या कागदावर पडू द्यावा. कागदावर सूर्याची लहानशी कोर उमटेल. तिच्याकडे हवा तितका वेळ पाहता येईल, कारण तेथे तुम्ही पाहता ते कागदाचे तेज. आंब्याचे किंवा पिंपळाचे झाड जवळ असेल, तर तेवढीही खटपट नको. पानांमधील फटीच टाचणीच्या भोकांचे काम करतात आणि झाडाखालची सावली शेकडो कोरींनी भरून जाते.